फाँदाँसोबत चान्या

साहेबराव मीठ बघायला लागला की कँटीनमधला गोंगाट आपोआप थांबायचा. पळीतून थोडीशी आमटी डाव्या तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग एकच शब्द बोलायचा, "सोड." म्हणजे आता वाढायला सोड. चिंचवडच्या आमच्या कंपनीतलं तिन्ही शिफ्टचं जेवण त्या एका तळहातावरून पुढं जायचं. मी त्या कँटीनचा स्टोअरकीपर. तेल, डाळ, तांदूळ माझ्या ताब्यात, आणि त्याचं मातेरं न होऊ देणं त्याच्या हातात. आमची रोज भांडणं व्हायची आणि आम्ही रोज एका ताटात जेवायचोही.

मी रोहिदास, चऱ्होलीचा. आमची ज्वारी उभी राहायची तिथं आता बारा-बारा मजले उभे आहेत. उरलाय तो एक रिकामा गोठा आणि त्याच्यापुढचं अंगण, आणि तेसुद्धा बिल्डरच्या डोळ्यांत सलतंय. साहेबराव मूळचा बीडकडचा. त्याचे वडील दुष्काळात पिंपरीला आले, कारखान्यात चिकटले, पर्मनंट झाले आणि चाळीत खोली घेतली. साहेबराव तिथंच वाढला, तरी जिभेवरचा मराठवाडा गेला नाही.

माणूस कडक. रविवारी विहारात वंदना तोच घ्यायचा, अजूनही घेतो. पौर्णिमेला उपोसथ धरतो, म्हणजे दुपारी बारानंतर अन्नाला शिवत नाही. पंचशीलातलं पाचवं शील, नशापाणी न करण्याचं, आमच्यासारख्यांना दुसऱ्यांनी पाळलेलंच बरं वाटतं. कंपनीची सहल लोणावळ्याला गेली की आम्ही बसायचो आणि हा गडी आम्हाला कांदाभजी तळून द्यायचा, वर सगळ्यांच्या गाड्यांच्या चाव्या काढून घ्यायचा. नवीन लागला तेव्हा दोघंतिघं घरून डबा आणायला लागले होते. कारण कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. साहेबरावनं त्यांना काही विचारलं नाही. पुढं त्याच्या वांग्याच्या भाजीच्या वासानं त्यांचे डबे आपोआप बंद पडले.

त्याच्या हाताला खोड एकच होती. मिरची. त्याचं सगळं लालभडक असायचं. मी मिरचीचं पोतं काढताना कुरकुरलो की म्हणायचा, "मिरचीनं सगळं झाकतंय, भावा." मला वाटायचं, कंपनीनं घेतलेला स्वस्तातला भाजीपाला झाकतो. बरीच वर्षं मला तसंच वाटत होतं.

त्याची मुलगी मिनल. एकुलती एक. ताथवड्याच्या कॉलेजात हॉटेल मॅनेजमेंट शिकली आणि शिक्षण संपल्यावर वर्षभराच्या कामासाठी थेट स्वित्झर्लंडला गेली. वाले नावाचा डोंगराळ भाग आहे तिथं. ती गेल्यावर साहेबराव रोज संध्याकाळी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसायचा. एकदा मी चहाला गेलो होतो तेव्हा फोन आला. मिनलनं आम्हाला तिच्या हॉटेलातलं एक ताट दाखवलं. लाकडी फळीवर चीजचे तुकडे, काळपट पाव, आणि कागदासारखे पातळ कापलेले गडद लाल मांसाचे काप. बाजूला छोट्याशा ग्लासात फिकट पिवळी वाइन.

"आई, हे मांस इथले लोक मीठमसाला लावून डोंगरातल्या वाऱ्यावर वाळवतात. सोबत ही वाइन. फाँदाँ म्हणतात हिला. एकदम इथली. ही लोकं स्वतःच पिऊन संपवतात, बाहेर फार जाऊच देत नाहीत."

साहेबरावची बायको कस्तुरा चष्मा लावून पुढं वाकली आणि एकदम म्हणाली, "अगं बया, ह्या तर चान्या!"

साहेबराव उठला आणि गॅलरीत गेला. चहा तसाच राहिला. मी वहिनींना विचारलं, "चान्या म्हंजी काय ओ?" तर त्यांनी गॅलरीकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काही नाही भाऊजी, आमच्याकडची जुनी गोष्ट." मिनल मात्र फोनमधून बघत राहिली. त्या पोरीच्या डोक्यात तेव्हाच काहीतरी शिरलं असणार.

परत आल्यावर तिला वाकडच्या एका मोठ्या हॉटेलात नोकरी लागली. चाकणच्या कारखान्यांत मशीन बसवायला येणारे परदेशी इंजिनिअर तिथं उतरतात. कोणत्या जेवणासोबत कोणती वाइन द्यायची, हे सांगणं मिनलचं काम. विहारात कुणी विचारलं की साहेबराव म्हणायचा, "हॉटेलात हाय." कुणी आणखी विचारलं तर त्याला एकाएकी चपला शोधायच्या असायच्या. घरात मात्र त्यानं तिला कधी अडवलं नाही. फक्त इतकंच बजावलं की बाटली घरात येणार नाही.

मग मार्च महिन्यात तो प्रसंग आला. मिनलनं खटपट करून वालेहून फाँदाँच्या काही पेट्या मागवल्या होत्या. हॉटेलनं तिला एक संध्याकाळ दिली. ही वाइन आणि तिच्यासोबत इथलं खाणं, असा बेत. चाकणच्या एका स्विस कंपनीचे लोक येणार होते, आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे इथले कारखानदार. बेत जमला तर तो विभाग मिनलच्या हाताखाली येणार होता. फसला तर मॅनेजर तयारच होता, की बघा, आपल्याकडं हे चालत नाही.

ती घरी आली तेव्हा मी तिथंच होतो. तिनं फिरवून बोलणं टाळलं.

"पप्पा, मला चान्या पाहिजेत. तुम्ही करून द्या."

"काय बोलायलीस तू?"

"फाँदाँसोबत तिकडं वाळवलेलं मांस देतात. आपल्याकडं तेच आहे. मी पुण्यामुंबईत शोधलं, विकत मिळत नाही. आई म्हणते तुम्हाला येतं. तुम्ही लहानपणी गावाकडं आजीला मदत करायचात."

"तुझ्या आईला काय कळतंय?"

वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही. "मला सगळं कळतं. माझ्या माहेरी उन्हाळाभर दोरी असायची अंगणात. मला तर अजून त्या वासानं भूक लागते. पण ह्या घरात नाव काढायची सोय नाही, म्हणून गप बसले इतकी वर्षं."

तेव्हा मला कळलं की चान्या म्हणजे काय. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या, मीठहळद चोळायची, दोरीवर टाकून कडक उन्हात लाकडासारख्या वाळवायच्या आणि गाडग्यात भरून ठेवायच्या. एरवी घरात काही नसलं की निखाऱ्यावर भाजून भाकरीसोबत खायच्या. त्या काळी मोठ्याचं, म्हणजे गुराढोरांचं मटण असायचं, आणि ते कुणाच्या वाट्याला यायचं हे सांगायची गरज नाही. साहेबरावच्या वडिलांनी पिंपरीत आल्यावर ठरवलं होतं की गावातलं ते जिणं गावातच राहील. साहेबरावनं वडिलांचा शब्द त्यांच्याहून जास्त पाळला.

"पप्पा," मिनल म्हणाली, "तिकडं पण हे गरिबाचंच खाणं होतं. बर्फात अडकलेल्या लोकांचं. आज ते पाहुणा आला की पहिलं ताट तेच मांडतात. मग आपणच का तोंड लपवायचं?"

साहेबराव बराच वेळ बोटांनी सतरंजीचे दोरे ओढत बसला. शेवटी म्हणाला, "तुझी नोकरी हाय म्हणून करून देतो. बोकडाचं आण, मांडीचं. पण मी केलंय म्हणून सांगायचं नाही आणि त्याचं ते नाव घ्यायचं नाही."

मिनलनं ते कबूल केलं. मॅनेजरनं तर मेनूकार्डावर आधीच 'डेक्कन ड्राइड मीट' असं छापायला दिलं होतं. ऐकायला एखाद्या सिमेंटच्या ब्रँडसारखं वाटत होतं, पण साहेबरावला तेच बरं वाटलं.

आता वाळवायचं कुठं हा प्रश्न आला. साहेबरावच्या सोसायटीच्या गच्चीवर पापड वाळवले तरी सेक्रेटरीची नोटीस लागते. मी म्हणालो, "आमचा गोठा हाय की. दावणीला जनावर न्हाई, अंगणात ऊन मोप. चल."

साहेबराव म्हणाला, "तुझ्या घरी? चान्या? चऱ्होलीत?"

"मग काय आळंदीच्या देवळात टाकतो काय? चल म्हणलं ना."

तो आला. पत्र्याच्या आधाराला दोन वासे होते, त्यांना त्यानं नायलॉनची दोरी बांधली. गाठ मारली, ओढून बघितली, सोडली आणि परत मारली. मग बोकडाची मांडी पुढ्यात घेऊन पट्ट्या कापायला बसला. सुरी अशी चालवली की मी बघतच राहिलो. काही विसरला नव्हता माणूस. मीठहळद चोळून एकेक पट्टी दोरीवर टाकली आणि मग काठी घेऊन त्याच्याखाली खाटेवर बसला. पेन्शनर साहेबराव, विहाराचा ज्येष्ठ उपासक, दिवसभर चऱ्होलीत कावळे हाकत होता. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त.

"किती वर्षं एका ताटात जेवलो आपण," मी म्हणालो. "माझ्या घरातली सगळी भांडणं तुला ठाऊक. आन तू हे मला कधी सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं त्यात?"

"सांगायचं व्हतं."

"आन सांगितल्यावर एका ताटात जेवला असतास?"

"इचारून तरी बघायचंस, लेका!"

"इचारायची चीज नाही ती, रोहिदास," तो म्हणाला आणि कावळ्यावर काठी उगारली. मला वाईट वाटलं. त्याचं खरं होतं म्हणून जास्त वाटलं. मी आत जाऊन चहा टाकला.

पट्ट्या वाळल्या. वाजवल्या तर टक टक वाजाव्यात अशा. चाचणीसुद्धा माझ्याच अंगणात ठरली, कारण बाटली साहेबरावच्या घरात जाणार नव्हती. मिनल थंड डबा घेऊन आली. त्यात दोन बाटल्या, सोबत हॉटेलातले छोटे ग्लास, आणि एक रिकामी बादली.

"बादली कशाला?" साहेबरावनं विचारलं.

"थुंकायला. आम्ही चव घेतो आणि थुंकतो."

"थुकायचंच तर तोंडात घेतीस कशाला?"

"तुम्ही तळहातावर आमटी चाखायचात, ताटभर जेवायचात का प्रत्येक वेळी? मला नशा नको असते पप्पा, चव पाहिजे असते."

मी साहेबरावच्या तोंडाकडं बघत होतो. तळहाताचा दाखला त्याला लागला होता. इतकी वर्षं त्याच्या पोरीनं ते बघितलं होतं आणि ती ते कुठं घेऊन गेली, ह्याचा त्याला पत्ताही नव्हता.

मिनलनं ग्लासात वाइन ओतली. साहेबरावनं हात मागं घेतले तेव्हा मी म्हणालो, "वास घेऊन शील मोडत न्हाई, राव." त्यानं नाक जवळ नेलं. कँटीनमध्ये डाळ आंबली का बघायला न्यायचा, तसंच.

"फुलं हायत ह्याच्यात. आन ओल्या दगडाचा वास."

मिनल हसली. "तिकडं डोंगरात दगडी ताली बांधून द्राक्षं लावलीत, पप्पा. शासला नावाचं द्राक्ष. बोटानं दाबलं की फुटतं. त्याची ही वाइन. आंबट नाही, गोड नाही. अंगात जोर नाही हिच्या, म्हणून सोबतीला दांडगं खाणं चालत नाही."

दोन घोट मी घेतले आणि गिळलेही, कारण थुंकण्याची आमच्यात पद्धत नाही. खरं सांगतो, मला ती दारू वाटलीच नाही. ताप उतरलेल्या माणसाला द्यावी, इतकी गरीब. पण मिनलनं मला कामाला लावलं. आधी शेवभाजी चमचाभर दिली, लाल तर्रीची, आणि वर घोट. वाइन गायबच झाली, नुसतं गार पाणी प्यायल्यासारखं. ठेचा दिला, तेव्हा तर वाइनबाई रुसूनच बसली. मग पवना धरणातली चिलापी, रवा लावून तळलेली, त्यात नुसतं मीठ आणि लसूण. एक घास आणि एक घोट. आता मात्र मी थांबलो. मासा गोड लागायला लागला आणि वाइनला एकाएकी चव आली. खारवून उकडलेल्या शेंगांवरही तेच झालं. इंद्रायणीचा मऊ भात, तूप आणि मीठ, त्यावर तर फारच छान. मिनल म्हणाली, "बघा काका. साधं, खारट, तुपातेलाचं. मिरची नको, आंबट नको. हिच्याजवळ हळू बोलावं लागतं."

मग साहेबरावनं त्याच्या चान्या आणल्या. घरून करून आणल्या होत्या, स्टीलच्या डब्यात. झाकण काढलं आणि मला कँटीनची आठवण झाली. बारीक चिरून, तेलात कडक परतून, वर काळा मसाला आणि मिरचीपूड. इतकी की खाली मांस आहे की भेंडी, हे कळू नये.

मिनलनं तुकडा खाल्ला, घोट घेतला आणि बादलीकडं वळली. मग ग्लास खाली ठेवला. "पप्पा, ह्यात चान्या कुठायत?"

"हायत की. खाल्ल्यास ना."

"मी मिरची खाल्ली. तुम्ही चाखून बघितलंत?"

साहेबरावनं डब्याला झाकण लावलं. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर ज्यानं बिनचाखता आमटीचं पातेलं सोडलं नाही, त्यानं हा डबा तळहातावर न घेताच भरला होता. कापताना नाही, परतताना नाही, एक कणसुद्धा जिभेला लावला नव्हता. अंदाजानं मसाला टाकला होता, आणि त्याचा अंदाज म्हणजे झाकणं.

"बेत परवावर आलाय," मिनल म्हणाली. "मॅनेजर वाटच बघतोय. पप्पा, मला ते साधं पाहिजे. मीठ, हळद, ऊन आणि निखारा. तुम्ही झाकताय."

"झाकणार नाही तर काय करू?" साहेबराव एकदम ओरडला. त्याला असं ओरडताना मी पहिल्यांदा बघितलं. मग तो खाटेवर बसला आणि दोरीकडं बघत बोलायला लागला. दोरी अजून तिथंच होती, रिकामी.

"आईनं चाळीत बांधली होती. गॅलरीत. वडील घरी नसताना. तिला खावंसं वाटायचं. शेजारची पोरं नाकाला रुमाल लावून गेली माझ्यासमोरनं. माझ्या वर्गातली पोरं. मी आत गेलो, विळी घेतली, आन दोरी तोडून सगळं नाल्यात टाकून आलो. आई चुलीपाशी होती. तिनं बघितलं. मला वाटलं मारंल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणली, हात धुऊन घे. तिनं परत कधी दोरी बांधली नाही. मरंस्तोवर नाही. शेवटच्या दुखण्यात काय खावंसं वाटतंय विचारलं, तर म्हणली, काही नको रे. मला कळलं होतं तिला काय पाहिजे ते. पण मी नाव घेतलं नाही, आन तिनं पण नाही."

मिनल त्याच्याजवळ जाऊन बसली. मी नाकाला उपरणं लावलं, आणि ते वासासाठी नाही, डोळ्यांतल्या पाण्यासाठी लावलं हे सगळ्यांना कळत होतं. मग साहेबराव उठला. दोरीजवळच्या गाडग्यात थोड्या पट्ट्या शिल्लक होत्या. त्या मोजक्या होत्या, पण पुरणार होत्या. गाडगं काखेत मारून तो म्हणाला, "निखारा मी स्वतः करणार. तुमच्या त्या गॅसवर होणार नाही हे."

बेताच्या संध्याकाळी हॉटेलच्या मागच्या अंगणात त्यानं शेगडी पेटवली. डोक्यावर त्याची जुनी पांढरी टोपी, कँटीनमधली. मला मिनलनं कोपऱ्यातलं टेबल दिलं होतं आणि माझ्या शेजारची खुर्ची तिच्या बापासाठी रिकामी ठेवली होती. त्या खुर्चीपुढं एक ग्लास, त्यात पाणी. तो येईल याची मला खात्री नव्हती. आत आमच्या कंपनीतले जुने इंजिनिअर गोडांबे बसले होते, आता चाकणला स्वतःचा कारखाना टाकलेले. ज्यांचे डबे बंद पडले होते, त्यातला एक डबा त्यांचा. साहेबरावनं खिडकीतून त्यांना बघितलं आणि शेगडीकडं तोंड केलं.

सगळ्यांना वाइन दिली गेली. चिलापी आली, तिचं कौतुक झालं. मग छोट्या ज्वारीच्या भाकरीवर निखाऱ्यावर भाजून ठेचलेल्या चान्या आल्या. वर फक्त तुपाचा थेंब.

समोरच्या टेबलावर स्विस कंपनीचा एक म्हातारा होता, मूळचा त्याच वाले भागातला. त्यानं तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, फाँदाँचा घोट घेतला आणि परत तुकड्याकडं हात नेला. मग त्यानं मेनूकार्ड वाचलं, बाजूला ठेवलं आणि मिनलला काहीतरी विचारलं.

मिनलनं दाराकडं बघितलं. साहेबराव तिथं चिमटा घेऊन उभा होता. "पप्पा," ती म्हणाली, "ते विचारतायत, हे कार्डावरचं नाव हॉटेलचं वाटतंय. घरात ह्याला काय म्हणतात?"

कबूल केल्याप्रमाणे तिला दुसरं कुठलंही नाव सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. ती थांबली. गोडांब्यांनी मान वळवली आणि टोपीवरून माणूस ओळखला. "अरे, साहेबराव! तू?" हॉलमध्ये सगळे दाराकडं बघायला लागले. मला वाटलं, आता हा गडी चपला शोधणार.

"चान्या," साहेबराव म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण वंदना घेताना असतो तसा स्पष्ट होता. "आमच्यात चान्या म्हणतात. माझी आई करायची." आणि मिनलला म्हणाला, "नीट सांग त्यांना. आई करायची म्हणून सांग."

तिनं सांगितलं. म्हाताऱ्यानं ते नाव दोनदा म्हणून बघितलं. गोडांब्यांनी बशी पुढं केली आणि आणखी वाढायला सांगितलं.

साहेबराव माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. मी माझा ग्लास जरा लांब सरकवला आणि बशी त्याच्यापुढं केली. तो बशीकडं बघत राहिला. मग त्यानं एक तुकडा उचलला, डाव्या तळहातावर ठेवला, तिथनं तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मिनल ग्लास भरायची थांबली होती. इतका वेळ त्यानं आमटीलासुद्धा कधी लावला नव्हता. डोळे मिटलेलेच होते, पण गालावरून पाणी खाली येत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

"मीठ कमी पडलंय," तो म्हणाला. "आई जरा जास्त घालायची."